सकळ लिपीची किल्ली आणि इतिहासाचार्य राजवाडे

संगणकाच्या तासाला आम्हांस नुकतेच ताऱ्याचे चिन्ह शिकविले. एक तारा व त्यापुढे ‘पूर’ असा साचा दिला की गावांच्या यादीतून दर्यापूर, अचलपूर, मूर्तिजापूर, बाळापूर निमूटपणे पुढे येतात. कारण ताऱ्याच्या जागी कोणतीही अक्षरे चालतात. मात्र शब्दकोशाला तोच साचा लावला, तर ‘भरपूर’ आणि ‘कापूर’ हेही त्याच पंगतीत येऊन बसतात! त्या वेळी मला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आठवले.

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. शिक्षण डेक्कन कॉलेजात. पत्नी तरुणपणीच वारली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. जुन्या दप्तरांसाठी गावोगाव वणवण केली. वाईस मिळालेल्या कागदांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे असे बावीस खंड झाले.

परंतु आम्हा वऱ्हाडकरांवर त्यांचे ऋण निराळेच आहे. आपल्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही महानुभावांची पवित्र भूमी. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकातले. पुढे या पंथाने आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. त्यांत सकळ लिपी प्रमुख. तिच्यात एका अक्षराच्या जागी ठराविक दुसरे अक्षर येते. पोथी डोळ्यांसमोर उघडी, अर्थ मात्र कुलूपबंद! कित्येक शतके हे वाङ्मय पंथाबाहेरच्यांना बंद राहिले. त्या लिपीची किल्ली राजवाड्यांनी शोधली. अशा लिपीत एका शब्दाची दोन अक्षरे ओळखली, तर उरलेल्या जागा कोऱ्या धरून त्या साच्यात कोणता मराठी शब्द बसतो ते पाहावे लागते. मग तेच अक्षर दुसऱ्या ओळीतही खरे ठरते की नाही, हे तपासावे लागते. वि. ल. भावे आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास पुढे नेला.

गावांच्या व माणसांच्या नावांच्या व्युत्पत्तीत मात्र राजवाडे कधीकधी फार लांब उडी घेत. नुसत्या ध्वनिसाम्यावर त्यांनी बांधलेले काही तर्क मला तरी त्या ‘कापूर’च्या जातीचे वाटतात. लिपीत पुढची ओळ चूक पकडते; गावाच्या नावाला तशी पुढची ओळ नसते.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला.