रामचंद्रपंत अमात्य

रामचंद्र नीलकंठ बावडेकर ऊर्फ रामचंद्रपंत अमात्य (जन्म: सुमारे १६५०, मृत्यू: १७१६, पन्हाळा) हे मराठेशाहीतील मुत्सद्दी, प्रशासक आणि ‘आज्ञापत्र’ या राजनीतिविषयक ग्रंथाचे कर्ते होते. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजींपर्यंत पाच छत्रपतींच्या कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. वृक्ष आणि वनांच्या रक्षणाविषयी आज्ञापत्रात दिलेल्या स्पष्ट आज्ञांमुळे पर्यावरणाच्या इतिहासातही त्यांचे नाव घेतले जाते.

जीवन

शिवाजी महाराजांच्या कारभारातील मुजुमदार निळो सोनदेव हे त्यांचे वडील. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांत रामचंद्रपंत वयाने सर्वांत लहान होते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज जिंजीस गेले. त्या वेळी महाराष्ट्राचा कारभार ‘हुकूमतपन्हा’ या अधिकाराने रामचंद्रपंतांकडे आला. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या साहाय्याने त्यांनी मोगलांविरुद्धचा लढा चालू ठेवला. १७०७ मध्ये शाहू महाराजांची सुटका झाल्यावर ते ताराबाईंच्या पक्षात राहिले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर होऊन दुसरे संभाजी गादीवर आले. त्यांच्याच आज्ञेने १७१५ मध्ये आज्ञापत्र सिद्ध झाले.

वृक्ष व वनविषयक आज्ञा

आरमार बांधण्यासाठी राज्याला मोठ्या प्रमाणावर लाकूड लागत असे. आरमाराच्या प्रकरणात रामचंद्रपंतांनी या गरजेला मर्यादा घातली. स्वराज्यातील अरण्यांतून सागवानासारखी उपयुक्त झाडे हुजुरांची परवानगी घेऊनच तोडावीत आणि कमी पडेल ते लाकूड परमुलखातून विकत आणावे, असा त्यांचा दंडक होता. आंबा व फणस यांचे लाकूड आरमारास उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये, असे त्यांनी बजावले. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयत ती लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढवते आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही, हे त्यामागील कारण होते. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असल्यास धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी सर्वथा करू नये, असेही त्यांनी सांगितले.

दुर्गांच्या प्रकरणात घेऱ्यातील झाडीला गडाचे संरक्षक मानले आहे. ही झाडी प्रयत्नपूर्वक वाढवावी आणि तिच्यातील एक काठीही तोडू देऊ नये, अशी आज्ञा आहे. संकटप्रसंगी याच झाडीचा आसरा घेऊन बंदूकधारी शिपाई शत्रूला अडवू शकत. गडावर असलेली झाडे जतन करून आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ इत्यादी नवी झाडे लावण्यासही त्यांनी सांगितले.

या नियमांचे वैशिष्ट्य असे की, त्यांचा मुख्य रोख रयतेवर नसून सरकारी चाकरांवर होता. लाकडाची सर्वाधिक गरज राज्याला होती आणि बळजोरीची ताकदही राज्याकडेच होती. त्यामुळे आधी स्वतःच्या अंमलदारांना आवरणे हे रामचंद्रपंतांनी राज्यकर्त्याचे कर्तव्य ठरवले.

महत्त्व

वृक्षविषयक मजकूर अनेकदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून उद्धृत केला जातो. प्रत्यक्षात तो महाराजांच्या निधनानंतर ३५ वर्षांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातील आहे. मात्र महाराजांच्या कारभारात घडलेल्या प्रधानाने तो लिहिल्यामुळे त्यात शिवकालीन राज्यनीतीचे प्रतिबिंब आढळते, असे मानले जाते. रामचंद्रपंतांचे वंशज पुढे गगनबावडा येथील जहागीरदार म्हणून ‘पंत अमात्य बावडेकर’ या नावाने ओळखले गेले.