राणीचे पत्र आणि फसवे कुलूप

स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिचा ८ फेब्रुवारी १५८७ रोजी इंग्लंडमधील फॉदरिंगेच्या गढीत शिरच्छेद करण्यात आला. इतिहास तिला ओळखतो तो तिचे सौंदर्य, तिचे तीन विवाह आणि एलिझाबेथ राणीशी असलेले तिचे वैर यांमुळे. परंतु ज्या पुराव्याने तिचे प्राण घेतले, तो सांकेतिक लिपीतील एका पत्राचा होता. आज ज्यांचा पत्रव्यवहार ई-मेलने चालतो आणि ज्यांची कागदपत्रे संगणकात राहतात, त्यांनी या राणीचे चरित्र त्या बाजूने पाहण्यासारखे आहे.

मेरीचा जन्म डिसेंबर १५४२ मधला. ती सहा दिवसांची असताना वडील वारले आणि पाळण्यातच ती राणी झाली. १५४८ मध्ये तिला फ्रान्सला पाठविण्यात आले. १५५८ मध्ये तेथील युवराजाशी तिचा विवाह झाला, पण अठरावे वर्ष पुरे होण्याच्या आतच तिला वैधव्य आले. १५६१ मध्ये ती मायदेशी परतली तेव्हा स्कॉटलंडने प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला होता आणि ती स्वतः कॅथलिक होती. दुसरा पती डार्न्ली याचा १५६७ मध्ये खून झाला. ज्याच्यावर संशय होता त्या बॉथवेलशीच तिने तीन महिन्यांत लग्न केले. सरदार बिथरले आणि तान्ह्या मुलासाठी तिला राज्यत्याग करावा लागला. १५६८ मध्ये ती आश्रयासाठी इंग्लंडमध्ये गेली, ती पुन्हा मोकळी झालीच नाही. एलिझाबेथनंतर गादीवर तिचाच हक्क पोहोचत असल्याने तिला सोडणेही धोक्याचे होते आणि ठेवणेही.

या सुमारे १९ वर्षांच्या कैदेत पत्र हाच तिचा जगाशी उरलेला दुवा होता. २०२३ मध्ये तीन संशोधकांनी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील तिची १५७८ ते १५८४ या काळातील ५७ सांकेतिक पत्रे उलगडली. सूचीत ती भलत्याच, इटलीविषयक कागदपत्रांत नोंदलेली होती. बहुतेक पत्रे लंडनमधील फ्रेंच वकील कॅस्टेल्नो याला लिहिलेली आहेत. लिपी बरीच चिवट होती. एकाच अक्षराला अनेक चिन्हे होती आणि काही चिन्हे केवळ फसविण्यासाठी घातली होती. तरीही यांतील काही पत्रांच्या नकला एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याच्या दप्तरात पूर्वीच पोहोचल्या होत्या, कारण वकिलातीतलाच माणूस फितूर होता. कुलूप शाबूत होते, पण घरातला माणूस विकला गेला होता.

पुढे राणीची पत्रे बंद करण्यात आली. डिसेंबर १५८५ मध्ये तिला चार्टली येथे हलविण्यात आले आणि गिल्बर्ट गिफर्ड नावाच्या तरुणाने तिच्यासाठी एक वाट काढून दिली. बिअरच्या पिंपातून पत्रे आत-बाहेर जाऊ लागली. राणी हरखली. गिफर्ड वॉल्सिंगहॅमचा हेर होता आणि प्रत्येक पत्र आधी थॉमस फेलिप्सच्या मेजावर जात होते. तिच्या या वेळच्या लिपीत प्रत्येक अक्षराला एकेक चिन्ह आणि थोड्या शब्दांना स्वतंत्र खुणा होत्या. कोणते चिन्ह किती वेळा येते हे मोजून अशी लिपी फोडण्याची रीत अरब पंडित अल्-किंदी याने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. फेलिप्सला ती अवगत होती. शिवाय लाखेची मोहोर उघडून पुन्हा जशीच्या तशी बसविणारा कसबी माणूसही पदरी होता.

जुलै १५८६ मध्ये अँथनी बॅबिंग्टन या तरुणाने एलिझाबेथच्या वधाचा आणि मेरीच्या सुटकेचा बेत तिला लिहून कळविला. मेरीने १७ जुलैला सविस्तर उत्तर लिहिले. फेलिप्सने ते उलगडले आणि त्यावर फाशीच्या खांबाचे चित्र काढले. एवढ्यावर तो थांबला नाही. पत्र पुढे पाठविताना त्याने राणीच्याच लिपीत, वध करणाऱ्या सहा जणांची नावे विचारणारा ताजा कलम जोडला. त्या बनावट मजकुराचा कागद इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहे. खटल्यात मूळ पत्र नव्हते, फक्त नक्कल होती. आपल्या हातचा कागद दाखवावा, चिटणिसांना समोर आणावे, ही तिची मागणी मान्य झाली नाही.

बेत खरा होता, राज्याला धोकाही खरा होता, हे नाकारता येत नाही. मेरीला निरपराध ठरविण्याचे कारण नाही. पण जो नकळत पत्र उघडू शकतो, तो नकळत त्यात ओळही घालू शकतो, हे या प्रकरणाने दाखविले. गुप्तता गेली की सत्यताही जाते. मग अपराध्याला शिक्षा होते की निरपराध्याला, हे पत्र उघडणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहते.

मेरीपाशी नव्हते ते साधन आज सामान्य माणसापाशी आहे. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली. एक किल्ली उघडपणे जगाला द्यावयाची, दुसरी स्वतःपाशी ठेवावयाची. पहिलीने बंद केलेला मजकूर दुसरीनेच उघडतो, म्हणून किल्ली पोहोचविण्यासाठी गिफर्डची गरज उरत नाही. मात्र ती उघड किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे याची खात्री करून घ्यावी लागते. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी ई-मेलसाठी असे साधन लोकांना खुले केले. त्याच विद्येतून अशी सहीही करता येते की एक अक्षर बदलले तरी लबाडी उघड होते. फितूर माणूस आणि निष्काळजी हात यांवर मात्र अजून इलाज नाही.

अनेक सरकारे आता या कुलपाची एक जादा किल्ली मागतात. गुन्हे शोधण्याची त्यांची गरज खोटी नाही. पण जादा किल्ली वॉल्सिंगहॅमच्या हाती जाते तशी फेलिप्सच्याही हाती जाते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या हक्काचा अर्थ केवळ गुपित राखण्याइतका नाही. आपल्या नावावर आपलेच शब्द राहावेत, इतका तो साधा आहे.