इंडियानापोलिस जिंकून विमान घेतलं, त्याच विमानापायी ग्रॅहम हिलची सगळी कमाई गेली

फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर म्हटलं की प्रायव्हेट जेट आणि कोट्यवधींचं मानधन डोळ्यांसमोर येतं. ग्रॅहम हिलची सुरुवात मात्र दिवसाला १ पौंडाने झाली.

१९२९ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या गड्याने वयाच्या चोविशीपर्यंत कारचं लायसन्सच काढलं नव्हतं. १९५३ मध्ये त्याने एक जाहिरात पाहिली. ब्रँड्स हॅच ट्रॅकवर रेसिंग कार चालवा, फेरीला ५ शिलिंग. हिलने १ पौंड मोजला, ४ फेऱ्या मारल्या आणि तिथेच त्याला वेड लागलं.

रेसिंगसाठी लागणारा पैसा काही जवळ नव्हता. मग तो लोटसमध्ये मेकॅनिक म्हणून लागला. पगार तोच, रोजचा १ पौंड.

१९५८ मध्ये लोटसनेच त्याला फॉर्म्युला वनमध्ये उतरवलं. १९६२ आणि १९६८ अशी दोनदा वर्ल्ड चॅम्पियनशिप, मोनॅकोत ५ विजय, १९७२ मध्ये ल मां. मोनॅको, ल मां आणि इंडियानापोलिस ५०० या तिन्ही रेस जिंकणारा तो आजही एकमेव ड्रायव्हर आहे.

पण खरा पैसा इंडियानापोलिसमध्ये होता. युरोपातल्या रेसच्या मानाने तिथलं बक्षीस कितीतरी मोठं. १९६६ मध्ये हिल ती रेस जिंकला, तेव्हा विजेत्याची रक्कम दीड लाख डॉलरच्या पुढे होती. तेव्हाच्या दराने ७ लाख रुपयांहून जास्त! सगळी रक्कम ड्रायव्हरच्या खिशात जात नाही, संघमालकाचाही वाटा असतो. तरी हिलने या कमाईतून पायपर अ‍ॅझटेक हे छोटं विमान घेतलं. ते तो स्वतःच उडवायचा.

१९७३ मध्ये त्याने एम्बसी सिगारेटच्या स्पॉन्सरशिपवर स्वतःची टीम काढली. १९७५ च्या जुलैमध्ये रिटायरमेंट जाहीर केली.

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला फ्रान्समधलं टेस्टिंग आटोपून तो टीमसह परतत होता. लंडनजवळ दाट धुक्यात विमान कोसळलं. हिल, तरुण ड्रायव्हर टोनी ब्राइज आणि टीमचे आणखी चौघे, असे सहाही जण गेले.

चौकशीत कागदपत्रांचा घोळ बाहेर आला. विमानाची अमेरिकेतली नोंदणी रद्द झालेली. खराब हवामानात उडवायला लागणाऱ्या हिलच्या परवान्याची मुदतही संपलेली. त्यामुळे इन्शुरन्सचा उपयोग झाला नाही. बाकीच्या मृतांच्या कुटुंबीयांनी भरपाई मागितली, आणि ती हिलच्या मालमत्तेतून द्यावी लागली. त्यांचीही घरं उघड्यावर पडली होती, त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

पत्नी बेटला तीन मुलांसह मोठं घर सोडून छोट्या घरात यावं लागलं. मुलगा डेमन तेव्हा १५ वर्षांचा होता. पुढे त्याने बांधकामावर मजुरी केली, बाइकवरून कुरिअर पोचवले आणि त्या पैशांवर रेसिंग सुरू केलं. १९९६ मध्ये तो वर्ल्ड चॅम्पियन झाला.