सेंट आसफचे बिशप थॉमस गोल्डवेल

उत्तर वेल्समध्यें क्ल्विड व एल्वी या नद्यांच्या मध्यें सेंट आसफ नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथील कॅथिड्रल ब्रिटनमधील प्राचीन कॅथिड्रलांत अगदीं लहान गणलें जातें. सहाव्या शतकांत संत केंटिजर्न यांनीं तें स्थापिलें व आपले शिष्य संत आसफ यांच्या स्वाधीन केलें, अशी परंपरा आहे. त्या आसनावरील अखेरच्या कॅथलिक बिशपांचें चरित्र येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थॉमस गोल्डवेल हे मूळचे केंट परगण्यांतले. शिक्षण ऑक्सफर्डला झालें. आठव्या हेन्री राजानें रोमशीं संबंध तोडला, तेव्हां देशत्याग करून ते कार्डिनल पोल यांच्या आश्रयास इटलींत गेले, व पुढें नेपल्स येथें थिआटाइन संघांत शिरले. याच संघाच्या धर्मगुरूंनीं जुन्या गोव्यांत बांधलेलें संत कायतानाचें देऊळ आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल.

मेरी राणीच्या अमदानींत ते स्वदेशीं परतले व १५५५ सालीं सेंट आसफचे बिशप झाले. होलीवेल येथें संत विनिफ्रेडचा पवित्र झरा आहे. तेथील यात्रेस त्यांनीं नवें चैतन्य आणलें. पुढें छळाच्या दिवसांतहि ती यात्रा खंडित झाली नाहीं. आमच्या मतें त्यांच्या अल्प कारकीर्दीचें हेंच मोठें फळ होय.

१७ नोव्हेंबर १५५८ रोजीं राणी वारली, आणि त्याच दिवशीं कार्डिनल पोलहि. त्यांच्या मृत्युशय्येपाशीं गोल्डवेल होते. त्यांची ऑक्सफर्डच्या आसनावर नेमणूक ठरली होती, पण पुरी झाली नव्हती. नव्या राज्यांत पार्लमेंटाचें बोलावणें त्यांस आलेंच नाहीं. आपण अद्याप सेंट आसफचेच बिशप आहों, हें त्यांचें म्हणणें कोण ऐकतो? जून १५५९ मध्यें त्यांनीं पुन्हां देश सोडला.

त्रेंतच्या धर्मपरिषदेच्या अखेरच्या पर्वांत ते सेंट आसफचे बिशप म्हणूनच बसले. पुढें मिलानमध्यें संत चार्ल्स बोरोमेओ यांच्या हाताखालीं व रोममध्यें त्यांनीं मोठीं पदें भूषविलीं. परंतु तिकडे मायदेशीं लेंकरांना दृढीकरण देण्यास किंवा पवित्र तेलें आशीर्वादित करण्यास एकहि मोकळा बिशप उरला नव्हता. जे होते ते कैदेंत. म्हणून १५८० सालीं, वय ऐंशीच्या घरांत असतां, हे वृद्ध गृहस्थ इंग्लंडास जाण्यास निघाले! त्याच वर्षीं फादर कॅंपियन व फादर पार्सन्स हेहि त्याच कामगिरीवर निघाले होते. तरुण मंडळी पार पोहोंचली. गोल्डवेल मात्र फ्रान्समधील रेंस येथें आजारी पडले, आणि पोपमहाराजांनीं त्यांस माघारी बोलाविलें.

३ एप्रिल १५८५ रोजीं रोम येथें त्यांनीं देह ठेविला. त्यानंतर इंग्लंड व वेल्समधील कॅथलिकांना १६२३ सालापर्यंत बिशप मिळाला नाहीं.