खाणं तेवढंच, तरी वजन का वाढतं? याचं उत्तर मेंदूत शोधणारा डॉक्टर

चेहरा गोल गरगरीत. पोट सुटलेलं, मानेमागे चरबीचा उंचवटा. हात-पाय मात्र काडीसारखे. पोटावर जांभळे वळ, रक्तदाब वाढलेला आणि जिना चढायचा म्हटलं की मांड्यांत जोरच नाही.

असा माणूस दिसला की लोक काय सल्ला देतात? जेवण कमी करा.

पण हे वजन ताटातून आलेलंच नसेल तर? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका सर्जनला पडला. त्याचं नाव हार्वे कुशिंग.

कुशिंग यांचा जन्म 8 एप्रिल 1869 चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. दहा भावंडांत सगळ्यात धाकटे. हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकत असताना त्यांनी भूल दिलेला एक रुग्ण दगावला. दुसरा कुणी असता तर खचला असता. कुशिंग यांनी मित्र अर्नेस्ट कॉडमन यांच्यासोबत भूल दिलेल्या रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर नोंदवायला सुरुवात केली. पुढे 1901 मध्ये इटलीत रक्तदाब मोजायचा पट्टा पाहिला आणि तोही अमेरिकेला घेऊन आले.

बघितलेलं लिहून ठेवायचं, ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे जवळपास मृत्यूच, असा तो काळ. कुशिंग यांनी हे चित्र पालटलं. रक्तवाहिन्या बंद करायला चांदीच्या बारीक क्लिपा, नंतर विजेवर चालणारं उपकरण, असं एकेक करत त्यांनी मृत्यूचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास आणलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यापर्यंत नाकावाटे पोहोचून त्यांनी 1910 ते 1925 या काळात 231 शस्त्रक्रिया केल्या.

ती 23 वर्षांची तरुणी

1910 च्या डिसेंबरमध्ये त्यांच्याकडे एक तरुणी आली. वजन झपाट्याने वाढलेलं, पाळी बंद, चेहऱ्यावर केस, डोकेदुखी आणि अशक्तपणा. 1912 च्या पुस्तकात कुशिंग यांनी तिची केस सविस्तर मांडली. कारण मात्र नक्की सांगता येत नव्हतं. पिट्युटरीवर संशय होता, पण पुरावा नव्हता.

मग त्यांनी काय केलं? वाट पाहिली आणि नोंदी जमवत राहिले. मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं, फ्रान्समध्ये जखमी सैनिकांवर उपचार झाले. गुरू विल्यम ऑस्लर यांचं चरित्र लिहून 1926 चं पुलित्झर पारितोषिकही मिळालं.

अखेर 1932 मध्ये त्यांनी अशाच 12 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शवविच्छेदन झालेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या पिट्युटरीत बारीकशी गाठ सापडली होती. कुशिंग यांचं म्हणणं होतं की खरी दोषी हीच गाठ आहे. आज हा आजार 'कुशिंग डिसीज' म्हणून ओळखला जातो.

एवढीशी गाठ वजन कसं वाढवते?

ही यंत्रणा नंतर उलगडली. गाठ एसीटीएच नावाचं हार्मोन जास्त बनवते. ते मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावतं. कॉर्टिसॉल वाढलं की भूक वाढते, चरबी पोटावर आणि चेहऱ्यावर साठते. त्याच वेळी स्नायूंमधली प्रथिनं मोडून त्यांची साखर केली जाते. हाडंही ठिसूळ होतात. म्हणजे माणूस दिसतो जाड, पण आतून झिजत असतो. अशा माणसाला उपाशी ठेवलं तर स्नायू आणखी जातात.

गाठ काढली की वजन लगेच उतरतं का? नाही. कॉर्टिसॉल एकदम घसरतं, त्यामुळे मळमळ होते, अंग दुखतं, जेवण नकोसं वाटतं. बरेच महिने गोळ्यांमधून हे हार्मोन द्यावं लागतं. वजन हळूहळू कमी होतं आणि काहींचं पूर्वीइतकं होतही नाही. म्हणून पुरेशी प्रथिनं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि झेपेल तसा स्नायूंचा व्यायाम महत्त्वाचा ठरतो.

हार्मोन सोडणाऱ्या सगळ्याच गाठी वजन वाढवतात असंही नाही. आतड्यातल्या कार्सिनॉइड गाठी सेरोटोनिन सोडतात. त्यात जुलाब होऊन वजन घटतं आणि बी-3 जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. त्यामुळे दोघांना एकच डाएट चार्ट चालत नाही.

कुशिंग यांचं निदान बरोबर होतं, पण पूर्ण नव्हतं. अशीच लक्षणं अॅड्रिनलच्या गाठीमुळेही येतात. आणि आज सर्वाधिक वेळा कारण असतं दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची औषधं. ती मनाने सुरू ठेवणं धोक्याचं, आणि अचानक बंद करणं त्याहून धोक्याचं.

सिगारेटचं व्यसन असलेल्या कुशिंग यांना पायांच्या रक्तवाहिन्यांनी शेवटी फार त्रास दिला. 7 ऑक्टोबर 1939 ला हृदयविकाराने ते गेले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक छोटी गाठ निघाली. त्यांनी जपलेले मेंदूचे नमुने आणि रुग्णांचे फोटो आजही येल विद्यापीठात पाहायला मिळतात.

त्यातले कित्येक जण बरे होऊ शकले नाहीत. पण त्यांच्या नोंदी राहिल्या. म्हणून आज कमी खाऊनही कुणाचं पोट वाढतंय, हात-पाय बारीक होतायत आणि अंगावर जांभळे वळ उमटतायत असं दिसलं, तर टोमणा मारण्याऐवजी त्याला हार्मोनच्या डॉक्टरकडे पाठवता येतं.