एक्सप्लेनर : घोड्याच्या चालीवर उभी राहिली पहिली भारतीय सर्कस, कोण होते विष्णुपंत छत्रे?

धावत्या घोड्याच्या पाठीवर स्वार उभा कसा राहतो? उत्तर घोड्याच्या चालीत आहे. कँटर ही तीन ठेक्यांची चाल. ठेका एकसारखा पडला तरच स्वाराचा तोल टिकतो. घोडा मध्येच दुडकीवर आला, की स्वार खाली! म्हणून तरुण घोड्याला आधी लांब दोरावर गोल फिरवून चाल पक्की करून घेतात.

विष्णुपंत छत्रे यांचं आयुष्य याच विद्येवर उभं राहिलं. जन्म १८४० चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचा. गाणं आणि अश्वविद्या, दोन्ही ते ग्वाल्हेरला शिकले. पुढे कुरुंदवाड संस्थानात घोड्यांचं काम पाहिलं.

मुंबईत त्यांनी चिआरिनी यांची इटालियन सर्कस पाहिली. भारतीयांना एवढ्यात सर्कस जमणार नाही, असं चिआरिनी यांचं म्हणणं होतं, असं सांगतात. छत्रे यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी करून त्याला उत्तर दिलं. घोड्यावरच्या कसरती ते स्वतः करत.

१९०५ मध्ये त्यांचं निधन झालं. तोवर देशात भारतीयांच्या अनेक सर्कशी उभ्या राहिल्या होत्या.