विश्लेषण : शेवटच्या घटकेला स्वतःच्या असण्याबद्दल आभार मानणाऱ्या संत क्लारा कोण होत्या?

ख्रिस्ती प्रार्थनेत आभार बहुधा रोजच्या भाकरीबद्दल, बरे झालेल्या आजाराबद्दल किंवा पापांच्या क्षमेबद्दल मानले जातात. इटलीतील असिसी गावात ऑगस्ट १२५३ मध्ये साठीच्या उंबरठ्यावरील एका संन्यासिनीने मरताना वेगळ्याच गोष्टीबद्दल आभार मानले. ती हळू आवाजात कुणाशी तरी बोलत असल्याचे भोवतीच्या भगिनींना ऐकू आले. एकीने विचारले, तर आपण आपल्या आत्म्याशी बोलत आहोत, असे तिने सांगितले. त्या आत्म्याला ती निर्धास्तपणे निघायला सांगत होती आणि देवाने आपल्याला निर्माण केले म्हणून त्याची स्तुती करत होती. ११ ऑगस्टला तिचे निधन झाले. कॅथलिक चर्च आजही त्याच दिवशी संत क्लारांचा सण पाळते.

हे शब्द एखाद्या सुखात लोळलेल्या बाईचे असते, तर त्यांची फारशी दखल घ्यावी लागली नसती. पण क्लारा जवळपास २८ वर्षे आजारी होत्या.

श्रीमंत घर का सोडले?

क्लारांचा जन्म ११९३ किंवा ११९४ चा. वडील फावारोने असिसीच्या सरदार घराण्यातले, आई ओर्तोलाना अत्यंत भाविक. बाळंतपणाआधी घाबरलेल्या आईला प्रार्थनेत आश्वासन मिळाले, की तिच्या पोटी जगाला उजळणारा प्रकाश जन्मणार आहे, अशी आख्यायिका आहे. म्हणून नाव ठेवले कियारा, म्हणजे तेजस्वी. (आपल्याकडे हल्ली मुलींना सर्रास ठेवले जाणारे कियारा ते हेच. क्लारा हे त्याचे लॅटिन रूप.)

मुलीने चांगल्या स्थळी लग्न करावे, ही घरच्यांची अपेक्षा होती. त्याच गावात कापड व्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस सारे सोडून भिक्षेकरी झाला होता. क्लारा एका सोबतिणीला घेऊन त्याला गुपचूप भेटत. १२१२ च्या झावळ्यांच्या रविवारी रात्री त्या घरातून पळाल्या. गावाखालच्या लहानशा चर्चमध्ये फ्रान्सिसने त्यांचे केस कापले आणि अंगावर जाडाभरडा झगा चढवला. नातेवाईक परत न्यायला आले, तेव्हा त्यांनी एका हाताने वेदीचे कापड घट्ट धरले आणि डोक्यावरचे वस्त्र काढून कापलेले केस दाखवले. पुढे धाकटी बहीणही त्यांच्याकडे आली. मग दुसरी बहीण आणि विधवा झाल्यावर आईदेखील. सान दामियानोच्या लहानशा मठात क्लारांनी उरलेली चाळीसहून अधिक वर्षे काढली.

स्वतःच्या शरीराशी त्यांचे नाते कसे होते?

इथे त्यांचे चरित्र वाचणाऱ्याला अडखळायला होते. तरुणपणी क्लारा सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी काहीच खात नसत. ख्रिस्ती उपवासकाळात इतर दिवशीही फक्त पाव आणि पाणी. शेवटी फ्रान्सिस आणि असिसीचे बिशप या दोघांना मध्ये पडावे लागले. रोज किमान दीड औंस, म्हणजे जेमतेम चाळीसेक ग्रॅम पाव खाल्लाच पाहिजे, अशी आज्ञा त्यांनी केली. १२२४ च्या सुमारास क्लारा अंथरुणाला खिळल्या. त्याचा या उपासमारीशी संबंध असावा, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

आपल्याला निर्माण केल्याबद्दल आभार मानणारी व्यक्ती त्याच शरीराला असे छळते, ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. पण क्लारा तिथेच थांबल्या नाहीत. १२३८ च्या सुमारास त्यांनी प्रागच्या अ‍ॅग्नेसला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ही बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या, राजाची मुलगी. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचे स्थळ नाकारून तीही संन्यासिनी झाली होती आणि उत्साहाच्या भरात कडक उपवास करू लागली होती. क्लारा तिला आवरतात. माणसाचे अंग धातूचे किंवा दगडाचे नाही, ते दुबळे असते, तेव्हा जिवंत राहून आणि शहाणपणाने देवाची सेवा कर, असा त्या पत्रातील सल्ल्याचा आशय आहे. स्वतःला जे उशिरा उमगले, ते धाकटीला वेळेवर सांगणाऱ्या थोरल्या बहिणीचा सूर त्यात ऐकू येतो.

आजारपणातही त्या रिकाम्या बसल्या नाहीत. पाठीला आधार देऊन बसवले, की त्या सूत कातत. त्यापासून मिस्साच्या वेळी वेदीवर अंथरायची लिननची वस्त्रे तयार होत आणि असिसीच्या परिसरातील चर्चना पाठवली जात. थंडीच्या रात्री उठून त्या झोपलेल्या भगिनींच्या अंगावर पांघरूण घालत, अशा साक्षी आहेत.

स्वतःबद्दल आभार मानणे म्हणजे गर्व नव्हे का?

ख्रिस्ती धर्म नम्रता शिकवतो, मग स्वतःच्या आत्म्याला धन्य म्हणणे कसे चालते? फरक आभार कुणाचे, यात आहे. मी किती चांगली, असे क्लारा म्हणत नाहीत. मी मला मिळालेले दान आहे, असे त्यांचे म्हणणे. मठात रोज ठरल्या वेळी स्तोत्रे म्हटली जात. त्यातील १३९ व्या स्तोत्रात कवी आपल्याला आईच्या उदरात किती अद्भुत रीतीने घडवले गेले, याबद्दल देवाचे उपकार मानतो. ही जुनी परंपरा क्लारांच्या ओठी होती.

त्या काळी याला आणखी एक धार होती. युरोपात कॅथर पंथाचा प्रसार झाला होता आणि इटलीच्या शहरांतही त्याचे अनुयायी होते. जड सृष्टी आणि शरीर ही वाईट शक्तीची निर्मिती, असे ते मानत. अशा वातावरणात, दुखण्याने खंगलेल्या बाईने आपल्याला घडवणाऱ्याची स्तुती करणे ही साधी गोष्ट नव्हती. १२२५ मध्ये डोळ्यांच्या विकाराने जर्जर झालेला फ्रान्सिस सान दामियानोतच मुक्कामाला होता. सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांच्यासाठी देवाची स्तुती करणारे त्याचे प्रसिद्ध गीत तिथेच रचले गेले, असे परंपरा सांगते. क्लारांनी त्या यादीत जणू स्वतःलाही बसवले.

१२५३ मध्ये अ‍ॅग्नेसला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्या आरशाची उपमा वापरतात. रोज आरशात पाहा, आपला चेहरा त्यात निरख, असे सांगतात. आरसा म्हणजे ख्रिस्त. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात दिवसातून दहादा डोकावणाऱ्या पिढीला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

पोपशी वाद कशावरून?

गरिबीवरून. मठाच्या नावे जमीनजुमला नको, असा क्लारांचा आग्रह होता. बायकांनी उत्पन्नाशिवाय बंदिस्त मठात राहायचे कसे, अशी चर्चच्या धुरीणांना चिंता होती. पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना व्रतातून मोकळे करण्याची तयारी दाखवली. क्लारांनी ती नाकारली आणि १२२८ मध्ये मालमत्ता न ठेवण्याचा हक्क मिळवला. पुढे त्यांनी स्वतः मठाची नियमावली लिहिली. महिलेने महिलांसाठी लिहिलेली आणि पोपची मान्यता मिळालेली ही पहिली नियमावली मानली जाते. पोप चौथे इनोसंट यांनी तिला ९ ऑगस्ट १२५३ रोजी मंजुरी दिली. दुसऱ्या दिवशी तो कागद क्लारांच्या हाती आला. त्यानंतरच्या दिवशी त्या गेल्या.

हे सारे आपल्याला कसे कळते?

मृत्यूनंतर तीनच महिन्यांत, नोव्हेंबर १२५३ मध्ये, संतपदासाठी चौकशी झाली. मठातील पंधरा भगिनींनी शपथेवर साक्ष दिली. माहेरच्या घराचा पहारेकरीही साक्षीला आला. लहानपणी क्लारा आपल्या ताटातले अन्न राखून गरिबांना पाठवत, असे त्याने सांगितले. शेवटच्या घटकेचे ते बोलणेही याच साक्षींतून टिकले. १२५५ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. नियमावलीची मूळ प्रत मात्र १८९३ मध्ये त्यांच्या जपून ठेवलेल्या वस्त्रांमध्ये सापडली.

आजारपणात एका नाताळच्या रात्री त्या मिस्साला जाऊ शकल्या नाहीत, तेव्हा दूरच्या चर्चमधील उपासना त्यांना खोलीतच दिसली आणि ऐकू आली, अशी कथा आहे. तिच्याच आधारे १९५८ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना टेलिव्हिजनची आश्रयदात्री संत ठरवले. १९८१ मध्ये अमेरिकेत ईडब्ल्यूटीएन ही कॅथलिक वाहिनी सुरू करणाऱ्या मदर अँजेलिका या क्लारांच्याच संघातील संन्यासिनी होत्या.